चुंबकांना कुंकू लावलं तेव्हा

मी ब्लाऊजला हूक लावत नाही. शिंप्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, नवीन फॅशन का?" फॅशन कसली! हूक लोखंडाचा असतो, आणि माझी सगळी नोकरी चुंबकांच्या टेबलावर गेली. टेबलावर वाकलं की आधी हूक ओढला जातो, मग ब्लाऊज, मग आपण. म्हणून प्लास्टिकची बटणं. साडीला पिन नाही, केसांत आकडा नाही, हातात घड्याळ नाही. आता घरी बसलेय तरी सवय जात नाही. सून साडीची पिन पुढे करते आणि मी दचकून मागे सरते.

आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपर गावच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यांनी सांगितलं, हिरामावशी, तुमच्या कष्टांवर लिहा. कष्ट सगळेच करतात, त्यात लिहायचं काय? काम काय होतं ते सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेले, म्हणून बोलते मी आणि टाईप करते सून. ती मधेच 'संघर्ष' वगैरे घालते. मी वाचून घेते आणि काढायला लावते.

वर्कशॉप ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, आतल्या गल्लीत. खाली लेथ आणि ड्रिल, वरच्या मजल्यावर आमचं टेबल. टेबल लाकडाचं, बाकडी लाकडाची, हत्यारं पितळेची. स्पीकरच्या मागचं चुंबक, विजेच्या मीटरमधलं चुंबक, गिरणीत धान्यातले खिळे वेचणारं चुंबक, हे सगळं आम्ही बायका बसवायचो. बायकाच का, तर मालक आपटेसाहेब म्हणायचे, बायकांचा हात हलका. खरं कारण असं की पुरुष घाई करतात आणि बोटं चेचून घेतात. माझ्या डाव्या हाताचं एक बोट चेचलेलं आहे, पण तेही एका पुरुषाच्या घाईमुळेच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक जण गुपचूप विचारायला आलेला, मीटर हळू फिरेल असं चुंबक मिळेल का. आपटेसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि मी जिन्यापर्यंत पोचवला. दुसरा एक खाडीपुलावरून दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढायचा. त्याचं चुंबक दर पावसाळ्यात गाळात अडकायचं, आणि दर पावसाळ्यात तो तसंच नवीन घ्यायला यायचा. तिसऱ्याला उशांमध्ये चुंबकं शिवून हवी होती. "आजी, गुडघ्याला लावून बघा, महिन्यात पळाल," तो मला म्हणाला.

"अरे, मी दिवसभर ह्यांच्यातच बसते," मी म्हटलं. "ह्यांनी गुडघे बरे होत असते तर मी आता लंगडी खेळत असते."

पण सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक म्हणजे मेधा.

मेधा डोंबिवलीचीच, पूर्वेची. लांबच्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. पहिल्यांदा आली तेव्हा पायात चप्पल आणि पाठीला एवढी मोठी सॅक. मला वाटलं कॉलेजची मुलगी आहे. आल्या आल्या तिने घड्याळ काढून जिन्यात ठेवलं. आपटेसाहेबांनीही कधी न सांगता काढलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हिला चुंबक माहीत आहे.

तिला हवी होती चुंबकांची ओळ. साबणाच्या अर्ध्या वडीएवढी चुंबकं, चांदीसारखी चकचकीत. पहिल्याचं तोंड, म्हणजे उत्तर टोक, वर, दुसऱ्याचं पुढे, तिसऱ्याचं खाली, चौथ्याचं मागे, मग परत वर. अशी एक ओळ खाली आणि तशीच दुसरी वरती, दोन्हींच्या मधे बोटभर फट.

"ही ओढणार काय?" मी विचारलं.

"काही नाही मावशी. ह्या फटीतून इलेक्ट्रॉन जाणार. विजेचे कण. चुंबकं त्यांना डावीकडे ढकलणार, उजवीकडे ढकलणार. नागमोडी चालवणार."

"मग?"

"प्रत्येक वळणावर ते उजेड टाकतात."

तिच्या भाषेत त्या यंत्राला मोठं नाव होतं. आम्ही त्याला नागमोडीच म्हणायला लागलो, आणि पुढे तीही म्हणायला लागली.

आता हे काम कसं असतं ते सांगते. ही चुंबकं स्पीकरच्या चुंबकासारखी गरीब नसतात. एक बसवलं की दुसरं त्याच्या शेजारी राहायला तयार नसतं. ते उलटतं, वळतं, नाहीतर झेप घेऊन चिकटतं, आणि चिकटताना मधे बोट असेल तर बोट जातं. बोट नसेल तर चुंबकच फुटतं, काचेसारखं. म्हणून प्रत्येक चुंबक अॅल्युमिनियमच्या खोबणीत धरून पितळेच्या स्क्रूने केसाकेसाने पुढे सरकवायचं. एकीने स्क्रू फिरवायचा, दुसरीने लाकडी पाचर धरायची, आणि कोणीही शिंकायचं नाही. जोडणं अवघड, पण जोडलेलं काढणं त्याहून वाईट, कारण काढताना शेजारची दोन्ही मोकळी होतात.

माझ्या समोर पाचर धरायला फिलोमिना असायची. फिलू ठाण्याची, जुन्या ख्रिस्ती घरातली, वाडवडील खाडीत मासे पकडायचे. तोंड अखंड चालू, पण पाचर धरली की गप्प. तोंड आणि हात एका वेळी चालवत नाही, म्हणूनच मी तिला जोडीला घेतलं.

एका दुपारी मेधा आमच्याबरोबर डबा खात होती. फिलूने तिला विचारलं, "काय गो बाय, उजेडच पाहिजे तर बल्ब लाव ना. एवढा खटाटोप कशाला?"

मेधा म्हणाली, तिला लेसरचा उजेड हवाय, पण असा बारीक लाटेचा की साध्या लेसरमधून तो निघतच नाही. बारीक वस्तू बघायला बारीक लाट लागते. जाड सुईने मलमल शिवता येत नाही, तसंच. पान ऊन कसं खातं, एका कणाला दुसरा कसा चिकटतो, हे तिला घडत असताना बघायचं होतं. इलेक्ट्रॉन तसला बारीक उजेड टाकतात, पण प्रत्येक जण आपापल्या वेळेला टाकतो. लाखो करोडोंचा नुसता गोंगाट.

"म्हणजे बायका आणि धवले," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मी सांगितलं. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवल्याची, म्हणजे लग्नातल्या गाण्याची, ओळ उचलते आणि बाकीच्या बायका मागून म्हणतात. माझी आय धवलारीण होती. एका लग्नात तिचा घसा बसला. बायकांनी आपलं आपण सुरू केलं, प्रत्येकीची पट्टी वेगळी. असं झालं की थोड्या वेळाने कोणीतरी दांडग्या आवाजाची जिंकते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. पण कोण जिंकेल, कधी जिंकेल, काही नेम नाही. एका लग्नात एक, दुसऱ्या लग्नात दुसरी.

मेधाने पोळी खाली ठेवली. "मावशी, जगात बरेच लेसर असेच चालतात. गोंगाटातून जी लाट जिंकेल ती. प्रत्येक वेळी थोडी वेगळी. मला ते नकोय. मला धवलारीण पाहिजे."

तिच्या कामाचं नाव सीडिंग. सीड म्हणजे बी हे सुनेने मला सांगितलं. नाव मला पटलं नाही, बी पेरल्यावर कोण कसं उगवेल ते कुठे कळतं? असो. तर तिच्याकडे टेबलावरचा एक साधा, शिस्तीचा लेसर होता. ती धवलारीण. तिचा उजेड इलेक्ट्रॉनांच्या सोबत पहिल्या नागमोडीत सोडायचा. उजेडाच्या लाटेमुळे काही इलेक्ट्रॉनांना थोडा धक्का मिळतो, काही थोडे मागे खेचले जातात. पुढे एक वळणाचा रस्ता असतो. जोरातले तिथे कमी वळतात म्हणून त्यांचा रस्ता छोटा, रेंगाळणारे लांबून येतात. मागचे जोरातले पुढच्या सुस्तांना गाठतात आणि घोळके होतात. सगळे घोळके एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मग दुसऱ्या नागमोडीत शिरले की सगळे एका सुरात.

"पण धवलारणीची लाट जाडीच ना?" फिलूने विचारलं. तोंड चालवते पण ऐकतेही.

मेधाने मला आमच्या बिल्डिंगचा जिना आठवायला सांगितला. दर पाचव्या पायरीवर एक घोळका उभा आहे असं समजा. मधल्या पायऱ्या रिकाम्या, पण जे उभे आहेत ते सगळे नेमके पायरीवर आहेत, कोणी दोन पायऱ्यांच्या मधे लोंबकळत नाही. म्हणजे तो जिना पाचपाच पायऱ्यांच्या उड्यांचाही आहे आणि एकेक पायरीचाही. दुसरी नागमोडी त्या बारीक पायरीला जुळवलेली असते. जाड लाट धवलारणीची, बारीक उजेड बायकांचा, आणि सूर एकच.

मला जेवढं कळलं तेवढं हे. चुकलं असेल तर मेधाला विचारा.

आम्ही करत होतो ती पहिली नागमोडी, जिथे धवलारीण आणि बायका भेटतात. मोठं यंत्र तिच्या एकटीचं नव्हतं. वेगवेगळ्या लोकांना पाळीपाळीने मिळायचं. मेधाची पाळी दिवाळीनंतरची. तोवर नागमोडी पोचली नाही, किंवा पोचून नीट चालली नाही, तर पाळी जाणार आणि तिचं हे काम बंद करणार, असं तिच्या वरच्यांनी स्पष्ट सांगितलेलं. बरीच वर्षं ती त्याच्यामागे होती.

"बंद झालं तर काय करशील?" मी विचारलं.

"कुठेतरी शिकवीन."

"शिकवणं वाईट काय गो?" फिलू म्हणाली.

"वाईट नाही. पण मग हे बघायचं राहील."

ती एवढंच बोलली आणि डबा धुवायला गेली.

चुंबकं परदेशातून आलेली. मेधाच्या प्रयोगशाळेत एकेक करून मोजली होती, कारण एकाच साच्यातली दोन चुंबकंही सारखी नसतात. एखादं जरा जोरदार, एखाद्याचं तोंड किंचित तिरकं. कोण कुठे बसवलं तर एकमेकांचे दोष मिटतील, हा हिशेब तिच्या कॉम्प्युटरने काढलेला. म्हणून प्रत्येकावर पेनाने नंबर आणि तोंडाच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका. अशी मांडून ठेवलेली चुंबकं दसऱ्यानंतर आम्ही बसवायला घेणार होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. लेथला झेंडू, ड्रिलला झेंडू, पितळेचे स्क्रू ताटात. आपटेसाहेब नौपाड्यातले, विज्ञानाचे पदवीधर, पण पूजेला एक हत्यार सुटलेलं चालायचं नाही. त्या वर्षी म्हणाले, नागमोडीची चुंबकंही पूजेला घ्या. एवढं मोठं काम आपल्या हातून होतंय.

कुंकू कोणी लावायचं? टेबलावर सगळ्यात जुनी मी. पण मी विधवा. आमच्या वर्कशॉपमध्ये कुंकवाचं काम सवाष्णीचं, हा नियम कोणी केला माहीत नाही, पण सगळे पाळायचे. त्या दिवशी दोघी सवाष्णी सुट्टीवर. राहिली फिलोमिना. नवरा जिवंत, मुलंबाळं, म्हणजे पक्की सवाष्ण. फक्त ख्रिस्ती.

"मी लावू?" फिलू म्हणाली. "फादरला सांगू नका हां कोणी."

"तुझा नवरा कामाचा नाही म्हणतेस रोज," मी म्हटलं. "आज आला बघ कामाला."

तिने इतकं मन लावून लावलं की काय सांगू. कुंकू तेलात कालवलं आणि प्रत्येक चुंबकाला गोल टिकली लावली, लाल ठिपक्याच्या अगदी शेजारी. म्हणाली, जोडी छान दिसते.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मेधा चुंबकं बघायला येणार होती. मी नेहमीच्या वेळेला पोचले तर जिन्यातच थिनरचा वास. वर आपटेसाहेब बाह्या वर करून फडक्याने चुंबकं पुसत होते. फडकं लालभडक.

"साहेब, काय करताय?"

"हिराबाई, अहो, ती शास्त्रज्ञ येतेय. चुंबकांना कुंकू बघून काय म्हणेल? सरकारी काम आहे. मोठ्या लोकांपर्यंत जाईल, ठाण्यात चुंबकांची पूजा करतात म्हणून."

मी टेबलाकडे बघितलं. चुंबकं आरशासारखी. कुंकू गेलेलं. ठिपके गेलेले. नंबरही गेलेले. पेन काय, थिनरने रंगही जातो, हे त्यांनाही माहीत होतं. पण लाज वाटली की माणूस हाताने काय करतोय ते बघत नाही.

त्यांनाही तेव्हाच दिसलं. फडकं तसंच हातात. मग खाली बसले आणि म्हणाले, "तोंडं आपण मीटर लावून शोधू. ठिपके परत लावू. नंबर... नंबर घालू कोणतेही. सगळी एकाच कंपनीची चुंबकं. उन्नीस-बीस."

"उन्नीस-बीस असतं तर तिने मोजली कशाला?"

"तुम्ही ह्यात पडू नका."

मी पडले नाही. मीटर लावून तोंडं शोधली, ती खरी होती. ठिपके त्यांनी लावले. नंबरही त्यांनीच घातले, सुवाच्य. अक्षर त्यांचं छान होतं. फिलू कोपऱ्यात रडवेली. "माझ्यामुळे झालं गो," म्हणत होती. मी म्हटलं, तू कुंकू लावलंस, थिनर नाही लावलंस, गप्प बस.

मेधा आली. चुंबकं बघितली, हसली, म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलीत!" आपटेसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

चहा आला. मी विचार केला. फार मोठा नाही केला. हे असंच बसवलं तर ती तिकडे नेऊन मोजणार. आकडे चुकणार. परत इथे येणार. मग सगळी ओळ काढायला कोण बसणार? मी आणि फिलू. काढताना काय होतं ते मला माझ्या बोटाने शिकवलेलं. आणि तोवर हिची पाळी गेलेली असणार.

"मेधा," मी म्हटलं, "हे नंबर खरे नाहीत. कुंकू पुसताना खरे गेले. ठिपके बरोबर आहेत, नंबर मनाचे आहेत."

बशीत ओतलेला चहा आपटेसाहेबांच्या हातात तसाच राहिला. फिलूने छातीवर क्रॉसची खूण केली.

मेधाने एक चुंबक उचलून त्याच्या नंबरावर अंगठा फिरवला. मग साहेबांना म्हणाली, "कुंकू लावलंत ते ठीक. पुसलंत कशाला?"

"तुम्ही हसाल असं वाटलं."

"आमच्या लेसरच्या टेबलावर गणपती आहे हो!" तिचा आवाज चढला. "गेल्या वर्षी सरस्वतीपूजनाला आम्ही पंपाला नारळ फोडला!" आणि मग ती तिथेच बाकावर बसून रडली. हसणार हसणार म्हणून जिला घाबरले, तिलाच रडवलं. मला ते बघवलं नाही, म्हणून मी कप विसळायला गेले.

परत आले तोवर तिने डोळे पुसले होते आणि फोनवर वरच्या साहेबाशी भांडत होती. चुंबकं तिकडे पाठवून, मोजून, परत आणेपर्यंत पाळी जाणार होती. म्हणून मोजायचं यंत्रच इकडे आणायचं, असं तिने ठरवलं. ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती. ती कशी मिळवली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी ती जीप घेऊन आली, आणि जीपमध्ये गोधडीत गुंडाळलेली तारांची दोन मोठी कडी.

दोन कड्यांच्या मधे चुंबक ठेवायचं आणि फिरवायचं. तारेत वीज उमटते, त्यावरून त्याचा जोर आणि तोंड कळतं. पंखा बंद, लेथ बंद, रस्त्यावरून ट्रक गेला तर परत पहिल्यापासून. फिलू चुंबक ठेवायची, मेधा आकडे बघायची, मी उचलून मोजलेल्या क्रमाने मांडून ठेवायचे. आणि फिरवायच्या दांड्याला कोण? आपटेसाहेब. स्वतःहून येऊन बसले. माझ्याशी बोलत नव्हते. मला चहा हवा का हे फिलूला विचारायला सांगायचे, आणि मी त्यांच्या समोर हातभर अंतरावर बसलेले.

"साहेब विचारतात, चहा घेणार का," फिलू सांगायची.

"साहेबांना सांग, साखर कमी," मी.

मधे मधे दोन चुंबकं अगदी सारखी निघायची. फिलू घाबरायची, आता कोण कुठलं? मेधा म्हणायची, आपल्याला फरक कळत नाही, तर इलेक्ट्रॉनलाही कळणार नाही. ठेव कुठेही.

सगळी मोजून झाली, कॉम्प्युटरने नवीन क्रम काढला. ह्या वेळी नंबर अॅल्युमिनियमच्या खोबणीच्या कडेवर कोरायचे ठरले, थिनरने न जाणारे. ठिपके मात्र चुंबकावरच लावायचे. आपटेसाहेबांनी लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश आणला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून बोलले.

"हिराबाई, ठिपके तुम्ही लावा. तुमचा हात कापत नाही."

कुंकवाला मी चालत नव्हते, ठिपक्याला चालले. लावले. रंग सारखाच लाल असतो.

ऐन दिवाळीत आम्ही ती ओळ बसवली. टेबलाच्या एका टोकाला चकल्या, दुसऱ्या टोकाला चुंबकं, आणि मेधा दोन्हींकडे आशाळभूत. एकही चुंबक फुटलं नाही. फिलूला एकदा शिंक येत होती. तिने ती गिळली, तोंड लाल झालं, पण पाचर हलली नाही. खोका बांधला, टेम्पोत चढवला, मेधा पुढे बसली आणि गेली.

जाताना म्हणाली, "मावशी, चालू करू तेव्हा या बघायला." मी म्हटलं, गुडघ्यांचं बघते. गुडघे निमित्त. तिथे सगळे इंग्रजी बोलणारे, मी काय करणार, असं वाटलेलं. गेले असते तर काय बिघडलं असतं? आता वाटतं. ठीक आहे, नाही गेले.

पाळी सुरू झाली तशी मेधाचा फोन. नागमोडी तिकडे मोजली, उत्तम आहे. इलेक्ट्रॉन जातायत, सीडचा उजेडही जातोय, पण काहीच होत नाहीये. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

आपटेसाहेब जिन्यात भेटले. "चुंबकांत काही राहिलं असेल का हो?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच घाबरलेले. मी म्हटलं, आपण मोजलंय, आपण बसवलंय, राहिलं नाही. पण घरी येऊन भात बसवताना मनातल्या मनात ते चुंबक, तो स्क्रू, सगळं परत फिरवून बघितलं. झोप लागली, खोटं कशाला बोलू, पण उशिरा लागली.

मग मेधाला सापडलं. चुंबकांचा दोष नव्हता. उजेड आणि इलेक्ट्रॉन दोघंही नागमोडीतून जात होते, पण एकाच वेळी नाही. एक पोचायचा तेव्हा दुसरा निघून गेलेला. धवलारीण मांडवात उभी आणि बायका अजून घरात. तो फरकही असा की डोळ्याची पापणी लवणं त्याच्यापुढे वर्षभराचं. त्यांनी उजेडाचा रस्ता केसाकेसाने लांब करत नेला, आम्ही स्क्रू फिरवतो तसाच, आणि एका सकाळी दोघांची भेट झाली.

तिने व्हिडिओ कॉल केला. मी भाजी निवडत होते. सुनेने फोन पातेल्याला टेकवून उभा केला.

"मावशी, हे बघा. सीड बंद." पडद्यावर एक जाडसर, थरथरणारी रेघांची झुंबड. दर वेळी वेगळीच. एक रेघ वर येते, तोवर दुसरी. आयचा घसा बसलेलं ते लग्न.

"आता सीड चालू."

झुंबड गेली. एकच रेघ उभी राहिली, बारीक आणि उंच, आणि जागची हलेना. मागे कोणीतरी ओरडत होतं, टाळ्या वाजवत होतं. मेधा नाक ओढत होती.

"हाच का तो उजेड?" मी विचारलं.

"हा नुसता आलेख. उजेड डोळ्यांना दिसत नाही मावशी."

एवढं करून दिसत नाही! मी ते बोलले नाही. म्हटलं, "छान आहे. सरळ आहे." आणि मग म्हटलं, "आमची नागमोडी दाखव."

तिने फोन नेला. लांब पाइप, तारा, आणि मधे आमची ओळ. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर कुंकवाचं बोट ओढलेलं आणि एक झेंडू, सुकलेला.

"हे कोणी लावलं?"

"मीच. चालू करायच्या आधी."

"तुझं लग्न झालंय का गं?"

"नाही मावशी."

"मग चांगलं झालं, सवाष्ण नसूनही चाललं. चुंबकांना नाही ना लावलंस?"

"नाही हो! फक्त चौकटीला."

"जवळ ने."

तिने फोन अगदी फटीपाशी नेला. मी चष्मा लावला आणि एकेक करून बघत गेले. भाजी राहिली. सून म्हणाली, अहो आई, त्यांना कामं असतील. मी म्हटलं, थांब.

सगळे ठिपके जागेवर होते.